सगळीकडून सारखे : बिलियर्ड्सचे बॉल पुसणाऱ्या एका घरगुती यंत्राविषयी

बिलियर्ड्स आणि स्नूकर हे पाहणाऱ्याला ऐसपैस खेळ वाटतात. बारा फुटांचे टेबल, त्यावर ताणलेले हिरवे कापड, वर लोंबणारे दिवे, आणि एक फटका मारायला चार मिनिटे विचार करणारा खेळाडू. पण खेळाचा निकाल जिथे लागतो ती जागा तिळाएवढी असते. दोन बॉल एकमेकांना भेटतात तेव्हा त्यांचा स्पर्श तेवढ्याच जागेत होतो आणि मिलिसेकंदाच्या लहानशा हिश्श्यात संपतो. त्या जागी चॉकचा एक कण असला तर चांगल्या खेळाडूचा चांगला फटका वाया जातो. या लेखाचा विषय त्या तिळाएवढ्या जागेची स्वच्छता हा आहे.

मी खेळाडू नाही, इंजिनिअरही नाही. एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात नोकरी गेली. यंत्रांविषयी जे थोडेफार कळते ते कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्यांच्या शेजारी उभे राहून आणि ग्रंथालयातली पुस्तके चाळून. बिलियर्ड्सचे बॉल पुसणारी तयार यंत्रे परदेशात मिळतात, पण लहान गावच्या क्लबाला ती परवडत नाहीत. तसे यंत्र घरी करावे म्हणून मी दोन वर्षांपूर्वी कामाला लागलो. काम हातातले, पण त्यामागचा प्रश्न भूमितीचा निघाला, आणि त्या प्रश्नाचा माग काढता काढता मी हस्तिदंतापासून खंबायतच्या मण्यांपर्यंत जाऊन आलो.

बॉल कशाचा?

क्लबात त्याला चेंडू कोणी म्हणत नाही, बॉलच म्हणतात. मीही तेच म्हणेन. एकोणिसाव्या शतकात हे बॉल हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून जेमतेम चार-पाच चांगले बॉल निघत, कारण सुळ्याच्या मधून जाणारी बारीक पोकळ शीर बॉलच्या बरोबर मध्यातून जावी लागे. नाही तर एक बाजू जड होई. पूर्व आफ्रिकेतला हस्तिदंत मोठ्या प्रमाणात मुंबई बंदरात उतरे आणि तिथून पुढे इंग्लंडला जाई, तेव्हा या कथेत आपले बंदरही आहे. स्नूकर तर जन्मानेच आपल्याकडचा. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने जुन्या खेळांत रंगीत बॉलची भर घालून तो सुरू केला आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहून लावले गेले. (हे चेंबरलेन म्हणजे पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले गृहस्थ नव्हेत.)

हस्तिदंताची खोड अशी, की तो सगळीकडून सारखा नसतो. त्याला लाकडासारखा उभा-आडवा कण असतो. हवा दमट झाली की तो फुगतो, कोरडी झाली की आकसतो, आणि दोन्ही दिशांना वेगवेगळ्या प्रमाणात. म्हणजे कारखान्यातून गोल निघालेला बॉल आपल्याकडचे एक पावसाळा-उन्हाळ्याचे चक्र पाहिले की किंचित लांबट होई. असा बॉल पाण्याने धुणे म्हणजे संकटाला निमंत्रण. तो कोरड्या कापडानेच पुसायचा.

हत्ती संपू लागले आणि हस्तिदंत महागला तेव्हा १८६३ साली न्यूयॉर्कच्या फेलन आणि कॉलेंडर या टेबले बनवणाऱ्या कंपनीने पर्याय शोधणाऱ्याला १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. ऑल्बनीतला जॉन वेस्ली हायट हा छपाईच्या धंद्यातला माणूस त्या नादी लागला. नायट्रोसेल्युलोजमध्ये आपल्या देवघरातला कापूर मिसळून दाबाखाली तापवले की घडवता येईल असा कठीण पदार्थ मिळतो, हे त्याने साधले आणि १८७० साली पेटंट घेतले. हेच सेल्युलॉइड. बिलियर्ड्सच्या बॉलसाठी निघालेला हा पदार्थ पुढे कंगवे, बाहुल्या आणि सिनेमाची फिल्म असा जगभर पसरला. बॉलसाठी मात्र तो तितकासा धड नव्हता, नायट्रोसेल्युलोज ज्वालाग्राही. दोन बॉल जोरात आदळले की बार उडाल्यासारखा आवाज येतो आणि दारूच्या गुत्त्यातले सगळे लोक पिस्तुले काढतात, अशी कोलोरॅडोतल्या एका गुत्तेवाल्याची तक्रार आल्याची आठवण खुद्द हायटने उतारवयात सांगितली आहे.

१९०७ साली लिओ बेकलंडने फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकलाइट तयार केले. आजचे चांगले बॉल याच घराण्यातल्या फिनॉलिक रेझिनचे असतात. बेल्जियमच्या सालुक कंपनीचे आरामिथ बॉल त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. हे रेझिन एकदा घट्ट झाले की उष्णतेने वितळत नाही, पाणी पीत नाही आणि त्याला उभा-आडवा कण नसतो. माणसाने बनवलेला हा पदार्थ खऱ्या अर्थाने सगळीकडून सारखा. स्वस्तातले बॉल पॉलिएस्टरचे येतात. ते मऊ असतात, लवकर ओरखडतात. पुसण्याची रीत ठरवण्याआधी बॉल कशाचा हे पाहावे लागते ते यासाठी. पुढे जे लिहिले आहे ते फिनॉलिक बॉलविषयी आहे.

मळ म्हणजे काय?

बॉलवर तीन प्रकारचा मळ बसतो. पहिला हाताचा तेलकटपणा. दुसरा टेबलावरच्या लोकरी कापडाचे सूक्ष्म तंतू. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा चॉक. क्यूच्या टोकाला लावायच्या त्या निळ्या किंवा हिरव्या वडीला आपण चॉक म्हणतो, पण तो शाळेतला खडू नव्हे. १८९७ साली खेळाडू विल्यम स्पिंक्स आणि रसायनज्ञ विल्यम हॉस्किन्स या दोघा अमेरिकनांनी जे पेटंट घेतले त्यात वाळूच्या जातीची सिलिका आणि घासकामात वापरतात तसा कठीण खनिज पदार्थ होता. क्यूचे टोक बॉलवरून घसरू नये म्हणून ही खरखर मुद्दाम आणलेली असते. हे कण बॉलच्या रेझिनपेक्षा कठीण आहेत. कोरड्या फडक्याने चॉक लागलेला बॉल खसाखसा पुसणे म्हणजे तो पॉलिश-पेपरने घासणे होय. म्हणून पहिला नियम असा, की आधी पाणी, मग फडके.

हा मळ खेळात काय करतो? पांढरा बॉल लाल बॉलला तिरका आदळतो तेव्हा दोघांचे पृष्ठभाग एकमेकांवरून क्षणभर घसरतात. स्वच्छ बॉलमध्ये हे घर्षण फार कमी असते, तरी ते लाल बॉलला त्याच्या वाटेवरून थोडे ओढतेच. सरावलेला खेळाडू ती ओढ मनात धरून नेम घेतो. पण स्पर्शाच्या जागी चॉकचा कण आला की घर्षण एकदम वाढते, लाल बॉल कधी टुणकन उडतो, कधी भलतीकडे सरकतो. या सरकण्याचा हिशेब सोपा आहे. दिशेत एका अंशाचा फरक पडला तर एका मीटरला पावणेदोन सेंटिमीटर चूक होते, तीन मीटरला सव्वापाच सेंटिमीटर. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे सव्वापाच सेंटिमीटरचाच. टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाच्या पॉकेटात मारलेला बॉल एका अंशाने हुकला तर पुऱ्या एका बॉलभर बाजूला जातो.

यातून एक गोष्ट लक्षात आली आणि पुढचे सगळे काम तिच्यावर उभे राहिले. खेळाडूला बॉल चकाकणारा नको असतो, भरवशाचा हवा असतो. बाविसावा बॉल पहिल्यासारखाच वागला पाहिजे, आणि प्रत्येक बॉलची प्रत्येक बाजू दुसऱ्या बाजूसारखी. मेण किंवा सिलिकॉन असलेले मोटारीचे पॉलिश लावले तर बॉल आरशासारखे दिसतात, पण ते मेण खेळताना ठिकठिकाणी उडते आणि काही जागा गुळगुळीत, काही उघड्या राहतात. ते शेवटी टेबलाच्या कापडावरही उतरते. चकाकी मिळते आणि भरवसा जातो.

मार्कर

बिलियर्ड्सच्या खोलीत गुण मांडणारा, बॉल लावून देणारा, कापडाला ब्रश मारणारा आणि बॉल पुसणारा माणूस म्हणजे मार्कर. आपल्याकडच्या या खेळाच्या इतिहासात मार्करची नावे क्वचित सापडतात. पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद जिंकले, तेव्हा वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय ठरले. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी तेच विजेतेपद १९७७, १९८१ आणि १९८३ अशा तीन वर्षी मिळवले. या नावांचा अभिमान सगळ्यांना आहे. ज्या बॉलवर हे हात तयार झाले ते रोज संध्याकाळी पुसून ठेवणाऱ्यांची नोंद मात्र कुठल्याच वहीत नाही.

मी ज्या क्लबात जातो तिथले मार्कर साठीच्या पुढचे आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. स्नूकरची चार टेबले, प्रत्येकी बावीस बॉल, म्हणजे अठ्ठ्याऐंशी. एका बॉलला दोन मिनिटे धरली तर एकशे शहात्तर मिनिटे, जवळजवळ तीन तास. हे रोज. मामांच्या बोटांचे सांधे आता सुजलेले असतात आणि हिवाळ्यात सकाळी मूठ वळत नाही. कार्यकारिणीत विषय निघाला तेव्हा एकाने सुचवले, की आता एखादा तरुण पोरगा ठेवावा. मामांचा पगार कुणालाच जड नव्हता. त्यांच्या बोटांची गती कमी पडत होती. यंत्राचा विचार मी त्या बैठकीनंतर गंभीरपणे करू लागलो.

आधी मी मामा बॉल कसे पुसतात ते महिनाभर पाहिले. कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य साबणाचे दोन थेंब, त्यात बॉल बुडवून बाहेर काढायचा, लगेच सुती कापडात टिपायचा. मग जुन्या धुतलेल्या धोतराचा तुकडा डाव्या तळहातावर, त्यावर बॉल, वर उजवा तळहात. दोन्ही तळवे विरुद्ध दिशांना फिरतात आणि त्याच वेळी बोटे बॉलला थोडी थोडी कलाटणी देत राहतात. शेवटी दोन बॉल एकमेकांवर दाबून पिरगाळायचे. बोटांना किरकिर जाणवली तर परत पाण्यात. माझ्या यंत्राला हे तळवे देणे सोपे होते. अवघड होती ती बोटांची कलाटणी.

गोल घासण्याचा पेच

ताट घासणे सोपे, गोल घासणे कठीण. बॉल नुसता गडगडला तर घासला जात नाही. रस्त्यावरून चालणाऱ्या चाकाचा जो बिंदू जमिनीला टेकतो तो त्या क्षणी जमिनीवर स्थिर असतो. तसेच गडगडणाऱ्या बॉलचे. म्हणून बॉल फिरवायचा, पण त्याला मनासारखे गडगडू द्यायचे नाही, त्याची वाट अडवून धरायची. मग कापड आणि बॉल यांत सरक होते आणि मळ निघतो.

दुसरा पेच याहून खोल आहे. बॉल एकाच आसाभोवती फिरत राहिला, तर त्याचा मधला पट्टा भरपूर घासला जातो आणि आसाची दोन टोके, म्हणजे ध्रुव, जवळजवळ कोरी राहतात. पृथ्वीवर विषुववृत्तावरचा माणूस दिवसात चाळीस हजार किलोमीटर फिरतो आणि ध्रुवावरचा जागच्या जागी गिरकी घेतो, तोच प्रकार. गोल सगळीकडून सारखा घासायचा तर त्याचा आस सतत बदलत राहिला पाहिजे.

हे कोडे जुने आहे आणि आपल्याकडच्या कारागिरांनी ते फार पूर्वी सोडवले आहे. गुजरातेतल्या खंबायतला अकीकाचे मणी करतात. इंग्रजी अमदानीतल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये तिथल्या पॉलिशची रीत नोंदलेली आहे. मणी, कुरुंदाची पूड आणि पाणी चामड्याच्या पिशवीत घालून तिचे तोंड बांधत. पिशवीच्या मधोमध चामड्याची वादी गुंडाळून समोरासमोर बसलेली दोन माणसे ती वादी आलटून पालटून ओढत आणि पिशवी पुढेमागे लोळवत. हे काम दहा-पंधरा दिवस चाले. पिशवीत कोणत्याही मण्याला ठरलेला आस नसतो. प्रत्येक हिसक्याला तो वेगळ्या अंगावर पडतो आणि इतके दिवस इतक्या अंगांवर पडला, की कोणतेच अंग सुटत नाही. बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्यासुद्धा खोबणी असलेल्या दोन तबकड्यांमध्ये फिरवून घासतात आणि पुन्हा पुन्हा नव्या खोबणीत, नव्या अंगाने शिरू देतात. तत्त्व तेच.

बिलियर्ड्सचे बॉल मात्र पिशवीत घालता येत नाहीत. ते एकमेकांवर आपटून टवके उडतील. तेव्हा प्रत्येक बॉलला स्वतंत्र घर हवे, आणि त्या घरात खंबायतच्या पिशवीची उलथापालथही हवी.

यंत्र

भंगारात गेलेले सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन हे या कामाला देवाने धाडलेले आहे. त्यातली कपडे धुणारी मोटर मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेते. तिच्यात दोन सारखी वेटोळी असतात आणि कपॅसिटर एका वेटोळ्यावरून दुसऱ्यावर गेला की मोटर उलटी फिरते. हा बदल मशीनचा टायमर आपोआप करतो: काही सेकंद एका दिशेने, मग थांबणे, मग उलट. नेमके हेच मला हवे होते आणि भंगारवाल्याकडे ते मोटरसकट मिळाले.

वेग मात्र फार. बॉलखालचे कापड सेकंदाला सुमारे एक मीटर सरकावे असे मी धरले. हाताने जोरात पुसताना तेवढाच वेग येतो. बॉल चाकाच्या मध्यापासून १४ सेंटिमीटरवर ठेवायचे, तर चाकाने मिनिटाला ७० फेरे घ्यायला हवेत. १४०० वरून ७० म्हणजे विसाने भागणे. ते दोन टप्प्यांत केले, आधी चाराने, मग पाचाने. मोटरच्या लहान पुलीवरून पट्टा मोठ्या पुलीवर, त्याच शाफ्टवर पुन्हा लहान पुली आणि तिच्यावरून दुसरा पट्टा शेवटच्या मोठ्या पुलीवर. दोन पुल्या उद्यमनगरात लेथवर करून घेतल्या. पट्टे मुद्दाम फार ताणले नाहीत. काही अडकले तर पट्टा घसरावा, बॉल फुटू नये.

शेवटच्या शाफ्टवर ३८ सेंटिमीटर व्यासाची प्लायवूडची चकती. तिच्यावर आखूड लवेचे कार्पेट, वेल्क्रोने बसवलेले. ते आठवड्याला काढून धुता आले पाहिजे, कारण चॉक भरलेले कार्पेट म्हणजे पुन्हा पॉलिश-पेपरच. चकतीच्या किंचित वर, न फिरणारी जाड प्लायवूडची पाटी, तिच्यात बॉलची अकरा घरे. सर्वांत वर कार्पेट लावलेले हलके झाकण, नुसते बॉलवर टेकणारे. खालची चकती हा फिरता तळहात, झाकण हा स्थिर तळहात आणि घराची भिंत म्हणजे वाट अडवणारी बोटे.

अकराच घरे का, असे उद्यमनगरातल्या टर्नरनेही विचारले. दोन वर्तुळांत बावीस बसली असती. पण आतल्या वर्तुळाखाली चकती हळू सरकते आणि बाहेरच्या वर्तुळाखाली वेगाने. आतले बॉल कमी पुसले जातील, बाहेरचे जास्त. एकाच वर्तुळात अकरा ठेवले की सगळ्यांना सारखी वागणूक. बावीस बॉलचा संच दोन खेपांत होतो.

आता घराचा आकार. हे ठरवण्यासाठी चाचणीची एक सोपी रीत केली. पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या मार्कर पेनाने बॉलवर सगळीकडे ठिपके काढायचे, यंत्र चालवायचे आणि कोणते ठिपके उरले ते पाहायचे. पहिल्या चाचणीला घरे गोल आणि घट्ट ठेवली, मोटर एकाच दिशेने. मिनिटभरात मधला पट्टा लख्ख झाला आणि दोन्ही टोकांना ठिपक्यांच्या दोन टोप्या शिल्लक राहिल्या. अपेक्षेप्रमाणेच ध्रुव दिसले. दुसऱ्या चाचणीत दिशा उलटसुलट केली. टोप्या तशाच. आस तोच ठेवून उलटे फिरल्याने ध्रुव हलत नाहीत, हे कागदावरही दिसते आणि बॉलवरही दिसले.

तिसऱ्या चाचणीसाठी घरे लांबट कापली आणि ती चाकाच्या फिरण्याच्या दिशेशी तिरकी, पंचेचाळीस अंशांत ठेवली. आतून नमद्याचे अस्तर लावल्यावर रुंदी ५५ आणि लांबी ७० मिलिमीटर. यामुळे मोटर सुलटी फिरताना बॉल घराच्या एका टोकाला जाऊन बसतो, उलटी झाली की सुमारे पंधरा मिलिमीटर तिरका गडगडत दुसऱ्या टोकाला जातो. तो तिरका गडगडताना अंदाजे तीस अंशांनी कलतो आणि हे कलणे नेहमीच्या आसाभोवती नसते. म्हणजे दर पालटीला मघाचे ध्रुव जागेवरून हलतात आणि नवेच दोन बिंदू ध्रुव होतात. मामांची बोटे हीच कलाटणी देत होती. चार मिनिटांनी झाकण उचलले तेव्हा ठिपके सगळ्या बाजूंनी सारखेच विरळ झाले होते. टोपी कुठेच नव्हती.

यंत्रात पाणी न्यायचे नाही. बॉल आधी धुऊन, टिपून, पूर्ण कोरडे करूनच घरात ठेवायचे. मोटरला अर्थिंग हवेच, आणि फिरते भाग पूर्ण झाकलेले हवेत.

सोनाराचा काटा

पुसणाऱ्या कुठल्याही यंत्राला एक प्रश्न विचारला पाहिजे, तो असा: तू मळ काढतोस की बॉल? स्नूकरच्या नियमांत व्यासाला ०.०५ मिलिमीटर कमी-जास्तची सूट आहे आणि एका संचातल्या बॉलच्या वजनांत ३ ग्रॅमपेक्षा जास्त फरक चालत नाही. रोज थोडे थोडे घासून वर्षभरात ही मर्यादा ओलांडली गेली तर यंत्राने खेळाचे भले केले नाही.

इतकी बारीक झीज मोजायची कशी? नेहमीचा मायक्रोमीटर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांगतो. त्याहून बारीक साधन हवे तर प्रयोगशाळा गाठावी लागते, असे वाटते. पण ते साधन प्रत्येक गावच्या सराफ कट्ट्यावर आहे. स्नूकरचा बॉल सुमारे १४० ग्रॅमचा, म्हणजे बारा तोळ्यांचा. त्याचा पृष्ठभाग साडेशहाऐंशी चौरस सेंटिमीटर. व्यास ०.०५ मिलिमीटरने कमी झाला तर सगळ्या पृष्ठावरून त्याच्या निम्म्या जाडीचे साल निघते आणि त्याचे वजन साधारण ०.४ ग्रॅम भरते, जुन्या भाषेत सव्वातीन गुंजा. सोनाराचा काटा ०.०१ ग्रॅम दाखवतो. म्हणजे व्यासातला सव्वा मायक्रॉनचा, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा बदल तो सांगू शकतो. अशा जागी वजन हे पट्टीपेक्षा सूक्ष्म असते.

माझ्या शेजारच्या सोनारांनी आपला काटा दुकान बंद झाल्यावर वापरू दिला. जुन्या संचातले दोन बॉल धुऊन, वाळवून, तोलून यंत्रात एकूण वीस तास फिरवले. तिसरा बॉल तुलनेसाठी कपाटात ठेवला. कोरड्या कार्पेटवर फिरलेल्या दोन्ही बॉलचा काट्यावरचा आकडा हलला नाही. मग एका टाकाऊ बॉलवर मोटारीचे ओरखडे घालवायचे रबिंग कंपाउंड लावून तीच कसोटी घेतली. तिथे काटा उतरू लागला. ओरखडा घालवणे म्हणजे ओरखड्याच्या खोलीपर्यंत बाकीचा सगळा बॉल उतरवणे, हे सोनाराला वेगळे सांगावे लागले नाही. दागिना उजळला की वजन घटते, हे त्यांचे रोजचेच.

या तोलण्यातून आणखी एक गोष्ट पुढे आली. क्लबातल्या सर्वांत जुन्या संचातले बावीसही बॉल तोलले, तर पांढरा सगळ्यात हलका निघाला. त्याचे एक कारण उघड आहे: प्रत्येक फटका त्यालाच बसतो. दुसरे कारण मामांनी सांगितले. “सायेब, पांढऱ्यावर मळ लगेच दिसतोय. म्हणून ह्येच्यावरच हात जास्ती फिरतोय. राबतोय बी ह्योच आन् घासला जातोय बी ह्योच.” काळ्या-तपकिरी बॉलवर बसलेला मळ दिसत नाही, म्हणून ते अंग चोरून राहतात. यंत्राला रंग दिसत नाही. ते पांढऱ्याला आणि काळ्याला तितकीच मिनिटे देते. माणसाच्या हातापेक्षा ते सरस ठरले असेल, तर या एकाच बाबतीत.

यंत्र आल्यानंतर

क्लबात यंत्र बसवले तेव्हा मामा दोन दिवस त्याच्याकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यातून निघालेले दोन बॉल उचलले, एकमेकांवर दाबून पिरगाळले, कान जवळ नेला आणि एक बॉल परत पाण्याच्या भांड्यात टाकला. “ह्येच्यावर साबण ऱ्हायलाय,” म्हणाले. बॉलवर नीट न टिपलेल्या साबणाचा पातळ थर होता आणि तो डोळ्याला दिसत नव्हता. तेव्हापासून कोणता बॉल आधी धुवायचा, कोणता नुसता फिरवायचा, कार्पेट कधी बदलायचे हे मामा ठरवतात. अठ्ठ्याऐंशी बॉल आठ खेपांत, धुणे-टिपणे धरून तासाभरात होतात. उरलेल्या वेळात ते नव्या पोरांना क्यू धरायला शिकवतात, आणि कार्यकारिणीत तरुण मुलगा ठेवण्याचा विषय पुन्हा निघालेला नाही.

यंत्राची मापे मी वर दिली आहेत ती कोणीही घ्यावीत. पूलचे बॉल ५७.१५ मिलिमीटरचे असतात, त्यांच्यासाठी घरे त्या प्रमाणात मोठी करावी लागतील आणि एका वर्तुळात बॉल कमी बसतील. बाकी सारे तसेच. लाकूडकाम करणारा एक माणूस, एक लेथ आणि भंगारातली एक मोटर इतक्यावर हे उभे राहते. काटा गावात असतोच.

मात्र बोटांना लागणारी ती किरकिर अजून कुठल्याच काट्यावर चढत नाही. आपल्या गावोगावच्या जुन्या क्लबांतून, जिमखान्यांतून असे मार्कर अजून आहेत. बॉल कसा धुवावा, पावसाळ्यात कापड कसे ओढावे, क्यू वाकडा झाला हे टेबलावर लोळवून कसे ओळखावे, हे त्यांच्या हातांत आहे आणि कागदावर कुठेच नाही. यंत्राचे आराखडे कोणीतरी पुन्हा काढील. हे मात्र त्यांच्या शेजारी बसून, ते बोलतात त्याच शब्दांत, आत्ताच उतरवून घ्यायला हवे. मी मामांपासून सुरुवात केली आहे. पहिली दोनशे पानी वही भरत आली आहे.